आबांनी पास केलेला समुद्र

लोणावळ्यात मी नऊ वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं आणि त्यातली सात वर्षं ब्रेकवाल्या आबांच्या घरात काढली. आता पुण्यात माझी स्वतंत्र जागा आहे, घरात नळ आहे, विजेचा दिवा आहे, आणि सकाळी उठल्याबरोबर "मास्तरीणबाई, तुमच्या दाराची बिजागरी काय म्हनतीया, जरा कान देऊन ऐका" असं सांगायला कोणी येत नाही. सुख म्हणतात ते हेच असणार. पण मला त्या घराची इतकी आठवण येते की कधीकधी माझा मलाच राग येतो. आबा आणि त्यांची बायको, दोघंही आता नाहीत. घर त्यांच्या पुतण्याने विकलं असं ऐकलं, आणि ऐकून मी त्या दिवशी जेवले नाही.

आबा माझे घरमालक. मूळचे टाकव्याचे, शेतकरी घरातले. शेत भावाच्या हवाली करून ते तरुणपणीच रेल्वेत चिकटले. त्यांचं काम असं होतं: मुंबईकडे निघालेली गाडी घाट उतरण्याआधी लोणावळ्यात थांबायची, आणि तिची चाकं नि ब्रेक तपासल्याशिवाय तिला पुढे सोडायचं नाही असा नियम. आबा लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आणि प्रत्येक चाकाला एकेक टोला देत. चाक धड असलं की ते खणखणीत वाजतं. कुठे बारीक तडा असला तर बद्द वाजतं. बद्द वाजलं की आबा खिशातून खडू काढून डब्यावर फुली मारायचे, आणि तो डबा लोणावळ्यातच राहायचा. मग आत साहेब बसलेला असो की साहेबाची मड्डम. "घाट कुनाचा सायेब वळखत न्हाई," असं ते म्हणायचे.

तीस वर्षं हे काम केल्यावर माणसाच्या डोक्यात दुसरं काय राहणार? आबांच्या जगात प्रत्येक गोष्ट एकतर पास असायची, नाहीतर तिच्यावर फुली असायची. मी पहिल्या दिवशी सामान घेऊन दारात उतरले, तेव्हा त्यांनी माझं नाव-गाव विचारायच्या आधी माझ्या ट्रंकेवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "हिचा तळ गेलाय." पुण्याच्या दुकानदाराला चांगले पैसे मोजून घेतलेली नवीकोरी ट्रंक! मी मनात म्हटलं, म्हातारा खोडसाळ दिसतो. रात्री कपडे काढताना पाहिलं, तर तळाचा पत्रा खरोखरच एका बाजूने सुटला होता.

मग सवय झाली. बाजारातून मडकं घेताना टिचकी सगळेच मारतात. आबा कलिंगडाला मारायचे, पाटाला मारायचे, कौलांना काठीने मारायचे, भिंतीला कान लावून उभे राहायचे. माझ्या खोलीतल्या खुर्चीवर त्यांनी एकदा फुली मारून ठेवली आणि मी ती पुसून वर बसले, तर तिसऱ्या दिवशी तिचा पाय मोडला. माणसं त्यांना चालीवरून कळायची. ओसरीवर पाठ करून बसलेले असले तरी कोण आलं ते बरोबर सांगत. "डोळ्याला कुनीबी फसवंल, बाई. कान फसत न्हाई," हे दिवसातून एकदा तरी व्हायचंच.

एकदा तळेगावहून मला बघायला एक स्थळ आलं. आईवडील पुण्यात, मी नोकरीवर, म्हणून मुलगा आणि त्याचे काका परस्पर लोणावळ्यालाच उतरले. आबांनी त्यांना मानाने बसवलं, मावशींनी शिरा केला. मंडळी गेल्यावर आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "फुली. बोलताना खोकतो, आन् खोकताना बोलायचं इसरतो. आत कायतरी ढिलं हाय." मी हसले. मला ते स्थळ आवडलं होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. असो.

मावशी म्हणजे आबांची बायको. अंगाने एवढीशी, सतत हसणारी, आणि नवऱ्याच्या टकटकीला मुळीच न दबणारी. माहेर कुरवंड्याचं, म्हणजे घाटाच्या अगदी काठावरचं. लहानपणी शेळ्या घेऊन कड्यावर जायच्या. पाऊस सरल्यावर एखाद्या दिवशी हवा स्वच्छ असली की खाली, कोकणाच्याही पलीकडे, एक चकचकीत रेघ दिसायची. "त्यो समुद्र," असं त्यांच्या बापाने सांगितलं होतं. तेव्हापासून मावशींच्या मनाने घेतलं की एकदा त्या रेघेपाशी जाऊन उभं राहायचं. लग्न झाल्यावर सगळ्या बायका नथ मागतात, तोडे मागतात. ह्या बाईने समुद्र मागितला. आबा म्हणाले, "त्यात काय! पास हाय रेल्वेचा. पुढच्या म्हयन्यात जाऊ."

ते ऐकून तीस वर्षं झाली होती तेव्हा मी त्या घरात राहायला गेले.

मधे आडवी आली ती मुशी, म्हणजे शार्क मासा. मावळातल्या माणसाला मासा म्हणजे इंद्रायणीतला, फार तर धरणातला. पण मुंबईहून पुण्याला मासळी नेणारी गाडी लोणावळ्याला थांबायची, आणि आबांच्या रजेच्या आदल्याच आठवड्यात तिच्यातून एक मुशी फलाटावर उतरवली होती. कोणा साहेबाच्या बंगल्यावर दाखवायला न्यायची होती म्हणे. माणसाएवढी लांब, अंग कानशीसारखं खरखरीत, तोंड वासलेलं. सगळे लांबून बघत होते. आबांनी मात्र तपासणीच सुरू केली. आधी दातावर नखाने टिचकी मारली, मग बोट आत घातलं. बोट चिरलं. ती खूण त्यांनी मला कितीदा तरी दाखवली असेल.

"एका दाताच्या मागं दुसरा, त्याच्या मागं तिसरा. पुढचा पडला की मागचा तयार. बाई, आमच्या रेल्वेत बी येवढं जादा सामान ठेवत न्हाईत. आन् समद्यात वाईट म्हंजे त्या जनावराला ब्रेक न्हाई. आशा ठिकानी बायकोला पान्यात उभी करायची म्हंजे न तपासता गाडी घाटात सोडल्यागत झालं."

रजा रद्द झाली. तेव्हापासून दरवर्षी बेत ठरायचा आणि दरवर्षी मोडायचा. आबा भित्रे होते असं कोणी समजू नये. भर पावसात, धुक्यात, रुळांवरून गाडी हलायच्या बेतात असताना डब्यांच्या मधे वाकणारा माणूस तो. पण तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही त्यांची सवय नव्हती, तो त्यांचा देव होता. आणि समुद्राला टोला मारून बघायची सोय नव्हती.

मग ते चौकशी करत. कोकणातला कोणीही माणूस लोणावळ्यात दिसला की आबांनी त्याला गाठलाच. बाजाराच्या दिवशी पनवेलकडची एक कोळीण सुके बोंबील विकायला घाटावर यायची. तिला आबा दर खेपेला तेच विचारत. एकदा ती टोपलीवर हात ठेवून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आबा, मुशीला आमी खाताव! ती आमाला कवा खाल्ली?" आबा गंभीरपणे म्हणाले, "तुमी खाता त्या बारक्या. मोठ्या कुटं असत्यात ते सांग." कोळीण म्हणाली, "खोल दर्यान. तुज्या घोट्याएवड्या पान्यान ती कशाला येल?" आबा घरी आले आणि मला विचारलं, "मास्तरीणबाई, घोटा कंच्या माणसाचा धरायचा?"

मी राहायला गेल्यावर चौकशीला लेखी स्वरूप आलं. आबांना सहीपुरतं लिहिता यायचं. मग मी पोस्टकार्डं लिहू लागले. किनाऱ्यावरच्या गावांच्या शाळामास्तरांना. 'आपल्या गावच्या समुद्रात मुशी आहेत काय? असल्यास केवढ्या? मनुष्यास धरल्याचे ऐकिवात आहे काय? गुडघाभर पाण्यात उभे राहणाऱ्या वयस्क स्त्रीस कितपत धोका संभवतो?' शेवटचा प्रश्न लिहिताना मला पहिल्यांदा हसू आलं आणि नंतर कधी आलं नाही. उत्तरंही यायची! मास्तर जात मोठी चिकट. प्रश्न विचारला की उत्तर देणारच. एकाने लिहिलं, 'आमच्या गावी मुशीने कोणी दगावल्याचे ऐकिवात नाही. मात्र डोक्यात नारळ पडून एक गृहस्थ गेले.' झालं. आबांनी त्या गावावर फुली मारली, आणि पुढच्या पोस्टकार्डापासून नारळाची चौकशी जादा.

ही गावं माजघराच्या दाराच्या मागच्या अंगाला खडूने लिहिलेली होती, माझ्याच अक्षरात, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे आबांची फुली. पाहुण्याबायका आल्या की मावशी दार लोटून दाखवायच्या. "ह्ये बघा, समद्या कोकनाला फुल्या. आता लंका ऱ्हायलीया तेवढी."

त्या हसायच्या, म्हणून आम्हाला वाटायचं की त्यांचं फारसं काही अडलेलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी त्यांच्या शेजारी तांदूळ निवडत बसले होते. त्यांच्या सुपात खडे तसेच राहिलेले मला दिसले. दुसऱ्या दिवशी त्या मला सुई ओवायला घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशीही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "कडंनं अंधारून येतंया, बाई. म्होरचं दिसतं, बाजूचं न्हाई दिसत." मी पुण्याला लुगडी घ्यायला जायचं निमित्त केलं आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर सभ्य होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा काचबिंदू आहे, गेलं ते परत येणार नाही, आणि आहे तेही हळूहळू जाईल. दोन वर्षं, तीन वर्षं, सांगता येत नाही. मी मावशींना सगळं सांगितलं, कारण त्यांना खोटं सांगणं मला जमलंच नसतं. परतीच्या गाडीत त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. देहूरोड गेलं, तळेगाव गेलं. कामशेतच्या पुढे मला म्हणाल्या, "समुद्र बघायच्या आदी डोळं जायाला नको व्हतं."

आणि मग त्यांनी मला शपथ घातली. आबांना सांगायचं नाही. "त्यांस्नी कळलं तर फुली मारत्याल माज्यावर. न दिसनारी बायको घाट उतरवायची व्हय? मला पाटावर बसवून ठेवत्याल आन् आयुष्यभर माज्या हातात पान्याचा तांब्या देत्याल. तुमी त्यांस्नी वळखता की."

मी ओळखत होते. मला ते इतकं पटलं की मी क्षणभरही वाद घातला नाही.

आबांना कळलं कसं नाही, असं कोणीही विचारील. पण तो माणूस बघायचा कुठे? तो ऐकायचा. बांगड्या वाजतायत, भाकरी थापल्याचा आवाज नेहमीसारखा येतोय, चुलीवरचं उतू जात नाहीये, म्हणजे सगळं ठीक. आणि मावशींना त्या घरातली प्रत्येक वस्तू हाताने पाठ होती. चुकून कुठे हात अडखळला की मी पटकन काहीतरी बोलायला लागायचे. आम्ही दोघींनी मिळून त्या माणसाला तीन वर्षं फसवलं. ह्या कामात मी हुशार निघाले, ह्याची आज लाज वाटते.

त्या दिवसापासून मात्र मी आबांच्या मागे लागले. पोस्टकार्डांचा सपाटा लावला. आबांना माझा उत्साह बघून भरून आलं आणि ते तयारीला लागले. त्यांची तयारी म्हणजे आम्ही एका रविवारी वळवणच्या धरणावर गेलो. आबांनी मावशींच्या कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक झाडाला. बरोबर रुळाचा एक हातभर तुकडा आणला होता. तो पाण्यात धरायचा आणि त्यावर हातोडा हाणायचा, म्हणजे पाण्यातून आवाज लांबपर्यंत जाईल आणि मुशी दचकून पळेल, अशी त्यांची युक्ती. मावशी गुडघाभर पाण्यात कासोटा खोचून उभ्या, आबा त्यांच्यापुढे वाकून खण्ण खण्ण करतायत, आणि म्हशी धुवायला आलेला एक बाबा काठावरून विचारतोय, "आबा, धरनात रेल्वे टाकता का काय?" मावशी हसून हसून पाण्यातच बसल्या. मला ती दुपार पुन्हा एकदा मिळाली तर मी माझी पेन्शन देऊन टाकीन. मावशींना तेव्हा दिसत होतं. काठावरची म्हैस, तिच्या पाठीवरचा बगळा, समोरचा डोंगर, सगळं त्यांनी मला बोट करकरून दाखवलं.

दोन वर्षं अशीच गेली. आबा नोकरीतून मोकळे झाले. दारावरच्या फुल्या वाढल्या. मावशी माझा हात जरा जास्त धरायला लागल्या. मी विचारलं की म्हणायच्या, "हाय अजून. पुरतंया."

आणि मग अलिबागच्या पलीकडच्या एका गावातून एका मास्तरांचं पत्र आलं. लांबलचक, प्रेमळ. गावचा किनारा उथळ आहे, पाणी संथ आहे, शाळेतली मुलं रोज डुंबतात, नारळाची झाडं पाण्यापासून लांब आहेत, आपण कुटुंबासह आमच्याच घरी उतरावं. आणि मधेच एक वाक्य: 'गेल्या शिमग्याच्या सुमारास जाळ्यात दोन मोठ्या मुशी आल्या होत्या, त्यातली एक पुरुषभर होती.'

आबा समोर बसले होते. मावशी स्वयंपाकघराच्या दारात. मी वाचत वाचत त्या वाक्यापाशी आले आणि उडी मारून पुढे गेले.

आबा म्हणाले, "फिरून वाचा." मी पुन्हा वाचलं, पुन्हा उडी मारली. "आनखी येकदा." तिसऱ्यांदा त्यांनी मान कलती केली, चाकापाशी करायचे तशी. माझं वाचून झाल्यावर म्हणाले, "मुलं डुंबत्यात आन् नारळ लांब हायेत, ह्याच्या मदी तुमचा आवाज बद्द वाजला."

मी म्हटलं, "घसा बसलाय, आबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पत्र मागतील आणि दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतील. त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. आबा उठले, दाराच्या मागे गेले, आणि त्या गावापुढे खडूने मोठ्ठा गोल काढला. "पास," म्हणाले.

नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. मोटारीने घाट उतरायचा होता. आबांनी खंडाळ्याला गाडी थांबवायला लावली आणि हातोडा घेऊन खाली उतरले. रबरी चाकावर टोला मारला, आवाज येईना. चारी चाकांवर मारला. ड्रायव्हर शिव्या द्यायच्या बेतात होता. आबा हताश होऊन म्हणाले, "ह्याचा काय अंदाज घ्यायचा मानसानं?" मावशी आतून ओरडल्या, "बसा आता. मुशी वाट बघत आसंल." आबा बसले, पण पेणपर्यंत त्यांनी पुढच्या बाकाची दांडी सोडली नाही. मग खाडी तरीने ओलांडली, पुढे बैलगाडी. सगळा रस्ता मावशी मला विचारत होत्या, "वास येतोय त्यो खाऱ्या पान्याचा का?" मी विचारलं, "मावशी, किती दिसतंय?" त्यांनी माझा हात दाबला.

समुद्रावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आबांनी आम्हाला वाळूत उभं केलं आणि एकटेच पाण्यात शिरले. रुळाचा तुकडा पाण्यात धरून त्यांनी हातोडा हाणायला सुरुवात केली. कोळ्यांची पोरं, बाया, म्हातारे, सगळे काम टाकून बघत उभे राहिले. मास्तर बिचारे संकोचून गेले होते. बऱ्याच वेळाने आबांनी हात वर केला.

मी मावशींना पाण्यात नेलं. पहिली लाट पायाला लागली तशा त्या ओरडल्या, मग हसल्या, मग रडायला लागल्या. "वाळू पळतीया बाई पायाखालनं!" आबा आमच्या पुढे दहा पावलांवर, समुद्राकडे तोंड करून, पहारा देत उभे. एक जरा मोठी लाट आली. माझं पातळ भिजलं, ते आवरायला मी मावशींचा हात सोडला. लाटेने त्या गरकन वळल्या. त्यांच्या मागे किनाऱ्यावर सुरूचं बन होतं, आणि सुरूतून वारा वाहिला की आवाज लाटांसारखाच येतो, अगदी हुबेहूब.

आबांनी मान वळवून मोठ्याने विचारलं, "दिसला का गं?"

मावशी सुरूच्या बनाकडे तोंड करून उभ्या होत्या. दोन्ही हात पसरून म्हणाल्या, "दिसला की! केवढा हाय वो!"

आबा आधी हसले. त्यांना थट्टा वाटली. मग ते पाण्यातून परत आले, मावशींच्या समोर उभे राहिले, आणि मला वाटतं कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बायकोच्या डोळ्यांत पाहिलं. मावशी त्यांच्यातून आरपार सुरूकडे बघून हसत होत्या. आबांचा हात वर आला आणि अर्ध्यात थांबला. माझी मान खाली गेली.

मग त्यांनी मावशींच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि हलकेच त्यांना वळवलं. "आसं. हिकडनं आनखी चांगला दिसतोय," म्हणाले. मावशींचे पसरलेले हात खाली आले. त्यांना कळलं. आबा त्यांच्या शेजारी उभे राहून सांगायला लागले, "त्यो बग तितं, पांढऱ्या शिडाचा मचवा चाललाय." मावशी म्हणाल्या, "व्हय. दिसला." "त्याच्या म्होरं पान्याला तांबडा रंग आलाय उन्हाचा." "व्हय." "पाखरांची रांग चाललीया." "चाललीया." अंधार पडेपर्यंत हेच चाललं होतं. मुशीसाठी आबांनी पाण्याकडे पुन्हा एकदाही पाहिलं नाही. एक कोळीण मला म्हणाली, "तुमचा म्हातारा लय बोलतो गो." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या ओसरीवर बसले होते. आबा येऊन शेजारी टेकले.

"तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"कवापास्नं?"

"तीन वर्षं झाली. मावशींनी शपथ घातली होती. त्या म्हणाल्या, तुम्हाला कळलं तर तुम्ही त्यांना कधीच नेणार नाही."

"आन् तुमाला बी तसंच वाटलं?"

मी हो म्हटलं. खोटं कसं बोलणार?

आबा अंगणाकडे बघत राहिले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. स्वतःशीच बोलावं तसे म्हणाले, "मला सांगितलं असतंत, बाई, तर त्याच सांजच्या गाडीनं तिला घिऊन निघालो असतो. मुशी असती तरी."

आत स्वयंपाकघरात मावशी मास्तरांच्या बायकोला समुद्र केवढा मोठा आहे ते सांगत होत्या.